उन्हातून गोडे पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात काही हातपंपांचे पाणी पेल्यात घेतले, तर ते अगदी नितळ दिसते. पण लहानपणापासून तेच पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरू शकतात. या विकाराला फ्लुरोसिस म्हणतात. खडकांतून पाण्यात विरघळलेले फ्लोराइड हे त्याचे कारण. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. वऱ्हाडातच पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे तर विहिरींचे पाणीच खारट.

"मग पाणी उकळून प्यावे," असे तुम्ही म्हणाल. उकळल्याने जंतू मरतात हे खरे. पण मीठ किंवा फ्लोराइड उडून जात नाही. उलट पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते! फडक्याने गाळूनही उपयोग नाही, कारण विरघळलेले क्षार पाण्याबरोबर आरपार जातात. परंतु क्षार मागे राहतात, याचाच अर्थ वाफ शुद्ध असते. तेव्हा ती वाफच गोळा केली तर?

हे काम सूर्य फुकट करतो. सौर ऊर्ध्वपातक म्हणजे आतून काळी केलेली उथळ पेटी व तिच्यावर तिरपी काच. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो, पाणी तापते, वाफ काचेला लागून थंड होते आणि थेंब ओघळून पन्हळीत जमतात. चिलीमधील लास सालिनास येथे 1872 साली अशा मोठ्या संयंत्रातून रोज सुमारे 20,000 लिटर गोडे पाणी मिळे. ते शोऱ्याच्या खाणींवरील खेचरांसाठी होते!

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. परातीत थोडे पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवा. मधोमध रिकामी स्वच्छ वाटी ठेवा. तिचा काठ पाण्याच्या वर, पण परातीच्या काठाच्या खाली हवा. परातीवर प्लास्टिकचा पारदर्शक कागद घट्ट बांधा आणि वाटीच्या नेमका वर एक खडा ठेवा. परात दिवसभर उन्हात राहू द्या. संध्याकाळी वाटीतील पाणी चाखा. ते खारट लागते का?

एक लिटर पाण्याची वाफ करायला 500 किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते. म्हणून एक चौरस मीटर पेटीतून स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण तीनच लिटर पाणी मिळते. पाच माणसांना प्यायला 15 लिटर लागले, तर पाच चौरस मीटर काच हवी. अंघोळीला किंवा शेताला हे पाणी पुरणार नाही. पण दात आणि हाडे वाचवायला पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी शुद्ध असले, तरी पुष्कळ झाले.

आणि पावसाळ्यात ढग आले की? तेव्हा पेटी मंदावते खरी. पण समुद्राच्या पाण्याची वाफ करून, मीठ मागे ठेवून, सूर्यानेच ते पाणी आपल्या छपरावर पाठवलेले असते. ते स्वच्छ टाकीत साठवायचे काम मात्र आपले!