शरीरातील धातू आणि एमआरआयचे चुंबक

प्रवरेच्या किंवा मुळेच्या पात्रातील वाळूतून लोहचुंबक फिरवल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चुंबकाला काळ्या कणांच्या मिशा फुटत. हे मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे कण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून नदीत येतात. अकोले तालुक्यातील कळसूबाईचे शिखर ज्या बेसाल्टचे बनले आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांत कोरली गेली. भारताचा भूभाग त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, हे अशा नोंदींवरूनही कळले.

बालपणीचा हा खेळ उतारवयात पुन्हा भेटतो, तो एमआरआय तपासणीच्या दाराशी. तेथे मात्र तो गांभीर्याने घ्यावा लागतो.

आधी स्वयंपाकघरात एक प्रयोग करून पाहा. लोखंडी तव्याला चुंबक घट्ट चिकटतो. तांब्याचा गडू, पितळी डबा, चांदीचे निरांजन यांना तो चिकटत नाही. स्टीलच्या दोन डब्यांपैकी एकाला कदाचित चिकटेल, दुसऱ्याला नाही. कारण पोलादाच्या घडणीत फरक असतो. म्हणजे केवळ ‘स्टील’ या नावावरून काहीच ठरत नाही.

पदार्थांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट चुंबकाकडे जोराने ओढले जातात. ॲल्युमिनियम, प्लॅटिनम आणि प्राणवायू यांचे आकर्षण अत्यंत क्षीण असते. पाणी, तांबे, सोने व चांदी तर किंचित दूर लोटले जातात. आपले शरीर मुख्यतः पाण्याचे असल्याने ते तिसऱ्या गटात मोडते. रक्तातील लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते; ते खिळ्याच्या लोखंडासारखे वागत नाही. त्यामुळे एमआरआय रक्त ओढून घेईल, ही भीती मनातून काढून टाकावी.

अनेक एमआरआय यंत्रांचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजारांहून अधिक पट. द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेल्या तारांतून ते निर्माण होते आणि तपासणी चालू नसतानाही कायम असते. दिवा बंद करावा तसे ते बंद होत नाही. जानेवारी २०१८मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकाच्या तपासणीसाठी आलेला एक तरुण प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. सिलिंडरसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. रुग्णासोबत जाणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. चाकांची खुर्ची, काठी, सिलिंडर, किल्ल्या, खिशातील नाणी, यांतील काहीही तंत्रज्ञांना विचारल्याशिवाय आत नेऊ नये.

आता रुग्णाविषयी. गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असल्यास घाबरू नका. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही आणि क्रोमियमशी मिश्रण झाल्यावर कोबाल्टचीही ओढ जवळजवळ नाहीशी होते. हृदयातील बहुतेक स्टेंटनाही अडचण नसते. तरीही त्यांची माहिती आधी द्यावी. पेसमेकर, कानातील कॉक्लिअर रोपण, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप यांबाबत मात्र कागदपत्रे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. नवे काही पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात. त्याची नोंद रोपणाच्या कार्डावर असते.

आयुष्यभर कारखान्यात, वेल्डिंगच्या दुकानात किंवा घिसाडकामात घालवलेल्या आजोबांना एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?’ वर्षांपूर्वी रुतलेला बारीक कणही तेथे हलून दृष्टीला इजा करू शकतो. शंका असल्यास आधी एक्स-रे काढतात.

आजींचे दागिने हा नाजूक विषय. मंगळसूत्राचे सोने ओढले जात नाही हे खरे, पण यंत्रातील रेडिओ लहरींनी धातू तापू शकतो आणि प्रतिमाही बिघडते. म्हणून पाटल्या, जोडवी, केसांतील आकडे काढावेत. पदराची आणि परकराची सेफ्टी पिन विसरू नये. श्रवणयंत्र व कवळी बाहेर ठेवावी. औषधाच्या काही चिकटपट्ट्यांच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ती ओढली जात नाही, पण तापून त्वचा भाजू शकते. ती काढावी का, हे डॉक्टरांना विचारावे. गोंदण असल्यास तेही सांगावे आणि आत चटका जाणवल्यास हातातील घंटी दाबावी.

घरीही थोडे जपावे. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल, चुंबकी झाकणाचे पाकीट किंवा चुंबकी पट्टा छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा. शर्टाच्या खिशात तर नकोच. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या चुंबकी कड्यांचा ठोस उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. त्यांच्या भरवशावर औषध थांबवू नये.

आज एवढे करा: घरातील ज्येष्ठांच्या शरीरात कोणते रोपण, कोणत्या वर्षी, कोठे बसवले, ते एका कागदावर लिहा. रोपणाच्या कार्डाची प्रत जोडून तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. लोणी, शिर्डी, नगर वा पुणे, तपासणी कोठेही होवो, दारातल्या तंत्रज्ञाच्या हाती सर्वप्रथम तो कागद द्यावा.