२१४७४८३६४७ : लक्षात ठेवावा असा आकडा

मोबाइलमध्ये एक रिमाइंडर लावून ठेवा. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्या क्षणी अनेक जुन्या सिस्टिम्समधलं घड्याळ २१४७४८३६४७ वर पोचेल आणि पुढच्याच सेकंदाला थेट १९०१ सालात जाऊन पडेल!

भानगड अशी आहे. बऱ्याच कॉम्प्युटर्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. जुन्या पद्धतीत या मोजणीसाठी ३२ खण असतात. पहिला खण अधिक-उण्याचा. उरलेल्या ३१ खणांत सगळीकडे १ भरला, की झाला आपला आकडा : २ चा ३१ वा घात वजा १. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. त्यात आणखी १ मिळवला, तर हातचा थेट चिन्हाच्या खणात जातो आणि संख्या उणे होते. जावा येत असेल तर ‘इंट’ घेऊन आजच करून बघा.

पण हा आकडा कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी प्रसिद्ध झालाय. ती मूळ संख्या आहे, हे १७७२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेली होती. सरळ पद्धतीने जायचं तर ४६३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायला हवं. अशा संख्या चार हजारांहून जास्त! ऑयलरने युक्ती केली. या आकड्याला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. झालं, बहुतेक उमेदवार पहिल्याच फेरीत बाद.

याच आकड्याला २ च्या ३० व्या घाताने गुणलं, की एक परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे ६ = १ + २ + ३ असतं तशी, स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी. १८११ मध्ये पीटर बार्लो या गणितज्ञाने लिहून टाकलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य. पुढे त्याहून मोठ्या कितीतरी सापडल्या. आणि उपयोगाचं म्हणाल, तर डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज या मर्यादेला भिडल्यावर यूट्यूबने आपला काउंटर ६४ खणांचा केल्याचं सांगितलं.

२०३८ वरचा उपायही तोच, ६४ खण. नव्या फोन-लॅपटॉपमध्ये तो बहुतेक झालाय. प्रश्न आहे तो एकदा बसवली आणि विसरली, अशा यंत्रांचा आणि जुन्या डेटाबेसचा. शिवाय २०३८ ची वाट बघायचीही गरज नाही. आज वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता काढायचा, तरी तारीख या रेषेपलीकडे जाते.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा तिशीत असतील, नोकरीत असतील. जुना कोड दुरुस्त करायचं काम कुणाकडे येणार, सांगा बघू?