'गो'च्या पटावर यंत्राची नजर कोठे चुकते?

मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो' या संगणकप्रणालीने ली सेडॉल या कोरियन खेळाडूवर ४-१ अशी मात केली. गो या प्राचीन चिनी खेळातील मानवी वर्चस्व संपले, असे तेव्हा मानले गेले आणि ते बव्हंशी खरेही होते. तथापि, केलिन पेलरीन या अमेरिकी हौशी खेळाडूने 'काटागो'वर आधारित प्रणालीला १५ पैकी १४ डावांत हरविल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२३ मध्ये आले.

या खेळात ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडल्या जातात. ज्या समूहालगतची शेवटची मोकळी जागा बुजते, तो पटावरून उचलला जातो. न्यूरल नेटवर्क येथे आकृतिबंध ओळखून चांगली चाल आणि विजयाची शक्यता यांचा अंदाज बांधते. पुढच्या चालींचा शोध त्यानंतर सुरू होतो. नेटवर्कचा प्रत्येक थर प्रामुख्याने बिंदूच्या निकटच्या शेजाऱ्यांकडे पाहतो, त्यामुळे दूरची माहिती थराथरांतून झिरपत यावी लागते. नवशिक्यांना आरंभीच शिकविली जाणारी 'शिडी' म्हणूनच अवघड ठरते. या नागमोडी पाठलागाचा निकाल पटाच्या दुसऱ्या टोकावरील एखादी सोंगटी लावते. 'लीला झीरो' येथे वारंवार फसत असे. काटागोला शिड्यांचे उत्तर वेगळ्या गणिताने काढून पुरविले जाते. स्वतःशीच खेळून शिकणाऱ्या यंत्राला एवढी शिकवणी लावावीच लागली!

पेलरीनचे हत्यार मात्र निराळे होते. काटागोमधील उणिवा हुडकण्यासाठी संशोधकांनी दुसरी प्रणाली घडविली होती. तिने काटागोविरुद्ध ९७ टक्क्यांहून अधिक डाव जिंकले, आणि हीच प्रणाली हौशी माणसांकडून मात्र हरते. तिची युक्ती अशी: काटागोच्या सोंगट्यांचे मोठे कडे तयार होऊ द्यायचे, मग त्याला बाहेरून हळूहळू वेढायचे. कड्याच्या मोकळ्या जागा संपत आल्या तरी यंत्राला विजयाची जवळजवळ खात्री वाटत राहते. बोटांवर मोजू शकणाऱ्या माणसाला हा धोका कितीतरी आधी दिसतो. ही युक्ती पेलरीनने डावांत संगणकाच्या मदतीविना वापरली.

अशा डावांवर काटागोला पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले. त्याने जुना वेढा ओळखला. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्या सुधारित रूपावरही मात करणारे नवे डावपेच सापडले.