ओट्यावरची हंगामी कुंडी

पावसाळा ओसरला की नर्सरीत पिटुनिया, सालव्हिया, डायँथस, ॲलिसम यांची रोपं दिसू लागतात. एकाच मोठ्या कुंडीत ती एकत्र लावली तर घराचा ओटा थंडीभर फुललेला राहतो. मधोमध उंच वाढणारा लाल सालव्हिया, त्याच्याभोवती पिटुनिया आणि काठावरून खाली झुकणारं पांढरं ॲलिसम ही माझी सर्वांत आवडती जुळणी.

मात्र रंगांआधी तहान जुळवावी. ‘ऑफिस टाइम’ या फुलझाडाला कडक ऊन आणि कोरडी माती मानवते, तेरड्याला सतत ओल लागते. ही दोघं एका कुंडीत सुखानं नांदत नाहीत. ओट्यावर ऊन किती वेळ येतं तेही आधी पाहावं. निदान पाच-सहा तास तरी हवं, नाहीतर पिटुनिया नुसताच लांबट वाढतो. कुंडी बारा इंचांहून लहान नको आणि तळाला भोक हवंच. मातीत कोकोपीट व गांडूळखत मिसळावं.

सुकलेली फुलं मात्र रोज खुडा. बी धरू लागलं की हंगामी झाड फुलणं आवरतं घेतं.