गुळाच्या खड्यात लोह किती?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात सकाळी श्रमदान आणि दुपारी गावातल्या प्राथमिक शाळेत ‘सकस आहारा’चा तास, हे ठरलेलं. करवीर तालुक्यातल्या अशाच एका शाळेत आमची बी.एस्सी.ची विद्यार्थिनी तिसरीच्या वर्गासमोर उभी होती. “रक्त वाढायला काय खायचं?” तिनं विचारलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “गूळ!” तिनं “शाब्बास” म्हटलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘गूळ’ लिहिलं. मागच्या बाकावर बसलेली मी तेव्हा काही बोलले नाही.

आहाराचे गैरसमज मुलांच्या आधी शिकवायला जाणाऱ्यांच्या डोक्यात असतात, हे मला त्या दुपारी नीट कळलं. कसे नसतील? तीही याच मातीतली, गुऱ्हाळावर काकवी चाखत वाढलेली.

गुळात लोह नसतं असं नाही. १०० ग्रॅम गुळात साधारण चार ते पाच मिलिग्रॅम असतं. पण १०० ग्रॅम गूळ कुणी खात नाही, मुलांनी तर खाऊच नये, कारण त्यातला बहुतेक भाग साखरच. दहा ग्रॅमच्या खड्यातून मिळतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज आहे १५ मिलिग्रॅम. त्याच मुलानं वाटीभर मटकीची उसळ खाल्ली तर दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. मटकीला मोड आणले आणि वर लिंबू पिळलं, तर त्यातलं अंगी जास्त लागतं. आणि जेवणाबरोबर चहा घेतला, तर तेच कमी होतं. ‘सकाळी काय खाल्लंस?’ या प्रश्नाला ‘च्या आणि बटर’ असं उत्तर देणारी मुलं त्या वर्गात निम्मी तरी होती. म्हणून गुळापेक्षा चहावर बोलणं जास्त गरजेचं होतं.

दुधाचंही तसंच, आणि कोल्हापुरात तो समज फार घट्ट आहे. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे पैलवान बघत वाढलेल्या घरात ‘पोरगं दूध पितंय, मग कसली काळजी’ असंच म्हणतात. दुधातून प्रथिनं मिळतात, कॅल्शियम मिळतं. लोह मात्र नावापुरतंच. दूध तापवलं की ताकद जाते, हेही खरं नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम टिकतात. मरतात ते जंतू, त्यात ब्रुसेलोसिसचे आणि क्षयाचेही असू शकतात.

विद्यार्थी कॉलेजातून तक्ते घेऊन निघतात तेव्हा त्यावर सफरचंद, बदाम, ब्रोकोली. हे बघून मूल एवढंच शिकतं, की चांगलं खाणं आपल्याला परवडणारं नाही. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडं पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. शेंगदाण्याचा जवळजवळ पाव हिस्सा प्रथिनं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ज्या घरात आहे, तिथं बदामाचं चित्र कशाला?

शाळेतली खिचडी म्हणजे नुसतं पोट भरणं, असंही विद्यार्थ्यांना वाटतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, हा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. आता आमची मुलं काटा घेऊन जातात आणि २० ग्रॅम डाळ प्रत्येकाच्या ओंजळीत ठेवतात. ते मोजमाप मुलांच्या हातात बसतं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक तुकडीला बजावून सांगते. मुलं अशक्त राहतात ती आईबापाला कळत नाही म्हणून, असं समजू नका. घरात डाळच कमी शिजत असेल, तर तुमच्या तासानं ती वाढणार नाही. कुणाचे डोळे फिके दिसले तर वर्गात बोलायचं नाही, बाईंना बाजूला सांगायचं. तपासणीला डॉक्टरांचं पथक आणि आठवड्याची गुलाबी लोहगोळी आहे.

एका तासात काही होत नाही हेही खरंच. दोन वर्षांत २४० तास सेवेचे असतात, त्यातले काही त्याच शाळेत, त्याच वर्गाला द्यायला हवेत.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी ती विद्यार्थिनी आपणहून पुन्हा त्या वर्गात गेली. “परवा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” ती म्हणाली आणि फळ्यावर तिनं खडा, वाटी आणि आकडे काढले. पहिल्या रांगेतला एक मुलगा हिरमुसून म्हणाला, “ताई, मग गूळ खायचाच न्हाई व्हय?”

“खायचा की. उसळीत चिमूटभर. आणि वर लिंबू पिळायचं.”