उतरलेला ताप परततो तेव्हा

ज्येष्ठ सरत आला की तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून, काटेवाडीस धोतरांच्या पायघड्यांवरून आणि मेंढ्यांच्या रिंगणातून पुढे सरकत सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास पोहोचते, आणि जवळपास त्याच सुमारास आपल्या मुलखात इन्फ्लुएन्झाचाही मोसम सुरू होतो. फ्लू हा कडाक्याच्या थंडीचाच रोग, ही समजूत समशीतोष्ण कटिबंधापुरती खरी आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, आणि दुसरा भर बहुधा जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे कारखान्यांचे गाळप चालू असताना आणि ऊसतोड मजुरांची कुटुंबे फडालगतच्या कोप्यांत दाटीने राहत असताना येतो.

साधे पडसे नाकापासून सुरू होते आणि माणूस हिंडताफिरता राहतो. फ्लूचा रुग्ण मात्र सकाळी उसाला दारे धरायला धडधाकट गेलेला असतो आणि दुपारी हुडहुडी भरून, अंग ठणकत अंथरुणाला खिळतो. मागोमाग कोरडा खोकला व घशाची खवखव येते. खोकला मुळीच नाही, पण डोळ्यांच्या मागे दुखते आणि अंगावर पुरळ उठते, तर डेंग्यूची शंका घ्यावी. म्हणून तापाचे कारण निश्चित होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक गोळी घेऊ नये, आणि मुलांना ॲस्पिरिन कदापि देऊ नये.

‘एक सलाईन लावा, म्हणजे उद्या कामावर जाता येईल’, ही मागणी ज्याची रोजी बुडते आहे त्याच्या तोंडी स्वाभाविक असली, तरी त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाण्याखेरीज साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि त्याचा विषाणूवर काडीमात्र परिणाम होत नाही. जो तोंडाने पेज, ताक, वरणाचे पाणी घेऊ शकतो त्याला सुईतून पाणी देण्याचे प्रयोजन नाही. प्रतिजैविकेही जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. विश्रांती, उघडी खिडकी, निराळे अंथरूण आणि निदान पाच दिवस लहानथोरांपासून अंतर, एवढ्यावर बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला दोन आठवडे रेंगाळला तरी त्याची धास्ती बाळगू नये.

धास्ती बाळगावी ती उतरून पुन्हा चढलेल्या तापाची. 1918 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात फ्लूच्या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे नेली, आणि त्या जागतिक साथीतील बहुसंख्य मृत्यू विषाणूने खिळखिळ्या केलेल्या फुप्फुसांत मागाहून शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, असे जपून ठेवलेल्या ऊतींच्या पुढील तपासणीत आढळले. तेव्हा पेनिसिलिन अस्तित्वात नव्हते; आज ते आहे, म्हणून आज या बाबतीत झालेली दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

लहान मुलाचा धोका ओळखण्यास घड्याळ पुरते. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगातले झबले वर सारून, छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी: दोन महिन्यांखालील अर्भकात 60, वर्षाच्या आत 50, आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास भरले, अथवा श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मोठ्या माणसाची धाप, छातीतले दुखणे, निळसर ओठ किंवा असंबद्ध बोलणे यांचाही अर्थ तोच.

ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, त्यानंतर सरकारने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी जाहीर केली: सौम्य लक्षणांच्या पहिल्या वर्गाने घरी राहावे, धाप लागलेल्या तिसऱ्याने रुग्णालयात दाखल व्हावे. मधल्या वर्गात गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही व दमेकरी येतात, आणि हयगय होते ती त्यांच्याच बाबतीत. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते, तेव्हा कोपीतल्या गर्भवतीस ताप येताच, गाडी भरून होण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी बारामतीच्या किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे.