पुणे ते माकणी : सिम्युलेटरमधले दूरचे लक्ष्य गाठताना

पुण्याच्या लोहगाव तळापासून लोहारा तालुक्यातल्या माकणीचे धरण सरळ रेषेत साधारण २७० किलोमीटरवर आहे. गाडीने जायचे तर अर्धा दिवस मोडतो. ४२० नॉट वेगाने उडणाऱ्या लढाऊ विमानाला मात्र एकवीस मिनिटे पुरतात. लढाऊ विमानांचे सिम्युलेटर खेळणाऱ्यांची गाडी बहुधा या एकवीस मिनिटांतच अडते. उड्डाण जमलेले असते, क्षेपणास्त्र कुठल्या बटणाने सुटते तेही तोंडपाठ असते. पण पडद्यावरचा वेपॉइंटचा बाण बंद केला की दहाव्या मिनिटाला आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही.

डीसीएससारख्या लढाऊ सिम्युलेटरांत कॉकेशस, नेवाडा, सीरिया, इराणचे आखात असे प्रदेश मिळतात, मराठवाडा मिळत नाही. त्यामुळे हा सराव मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये करायचा. त्यात बिंग नकाशांच्या उपग्रहचित्रांवर उभी केलेली सारी पृथ्वी आहे आणि सुपर हॉर्नेट हे लढाऊ जेटही आहे. शस्त्रे चालत नाहीत, आणि ते बरेच आहे. धरण फोडायला आपण निघालेलो नाही. ठरल्या वेळी भिंतीच्या डोक्यावर पोहोचायचे, एवढेच काम. रीत इथे बसली की तीच कॉकेशसमध्ये वापरता येते.

पहिला मोह सरळ रेषेचा. नकाशावर लोहगाव ते माकणी रेघ ओढली तर दिशा येते १०३ अंशांच्या आसपास. रेघ दिसायला सुबक, पण तिच्याखाली शेते, गावे आणि पुन्हा शेते. वरून एक गाव दुसऱ्यासारखेच दिसते. उजनीचे एवढे मोठे पाणी या रेघेच्या उजवीकडे दूर राहते. म्हणून रेघ मोडायची. लोहगावहून आधी उजनी धरण, तिथून तुळजापूर, मग माकणी. पहिला टप्पा ११४ अंशांवर ७५ नॉटिकल मैल, दुसरा ९४ अंशांच्या आसपास ५४ मैल, तिसरा जवळजवळ थेट पूर्वेला २० मैल. एकूण १४९ मैल. सरळ रेघ होती १४६ मैलांची. तीन मैलांचा वळसा म्हणजे अर्ध्या मिनिटाचाही नाही, आणि त्याच्या बदल्यात वाटेवर दोन पक्क्या जागा मिळतात. दूरच्या लक्ष्याचा मार्ग आखताना सगळ्यात जास्त फायदा याच एका निर्णयात असतो असे माझे मत आहे. बाकीचे त्यानंतर.

वेग ४२० नॉटच का? कारण ४२० नॉट म्हणजे मिनिटाला बरोबर सात मैल. ३६० घेतला तर सहा, ४८० घेतला तर आठ. कॉकपिटमध्ये भागाकार करायला डोके मोकळे नसते, तेव्हा साठाने निःशेष भाग जाणारा वेग निवडायचा. आता वेळा लिहून काढा. उजनी १० मिनिटे ४० सेकंद, पुढे तुळजापूर पावणेआठ मिनिटे, पुढे माकणी तीन मिनिटांना थोडे कमी. हा कागद मांडीवर किंवा कळफलकाशेजारी ठेवायचा.

इथे एक खाच आहे. वेगमापकावर दिसणारा वेग म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेला वेग. हवा विरळ झाली की तो खऱ्या वेगापेक्षा कमी दिसतो. दर हजार फुटांना सुमारे दोन टक्के एवढा फरक धरायचा. १२,००० फुटांवर खरा वेग ४२० हवा असेल तर काट्यावर ३५०च्या आसपास दिसायला हवे. काट्यावर ४२० ठेवून उडालात तर धरण वेळेआधीच मागे पडेल. दिशेतही अशीच एक खाच आहे. नकाशावरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर एक नसतात. महाराष्ट्रात हा फरक जेमतेम एखाद्या अंशाचा, म्हणून तो विसरला तरी चालून जाते. कॉकेशसच्या नकाशावर तो सहा अंशांच्या आसपास आहे, नेवाडात त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे विसरलात तर क्षमा नाही.

आता उड्डाण. लोहगावच्या वर गोल फिरून उंची आणि वेग आधी स्थिर करायचा, मग धावपट्टीच्या डोक्यावरून ११४ अंशांवर जाताना घड्याळ सुरू करायचे. चढता चढता घड्याळ सुरू केले की सगळे गणित फसते.

यापुढचा नियम वैमानिकांच्या प्रशिक्षणातला आहे : आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. नवखा माणूस उलटे करतो. खाली एक तलाव दिसला की तो नकाशात शोधू लागतो, आणि मराठवाड्यात पाझर तलावांना तोटा नाही, त्यामुळे कुठला तरी सापडतोच. बरोबर क्रम असा : सात मिनिटे झाली, म्हणजे ४९ मैल आलो. नकाशावर ४९ मैलांवर काय आहे? डाव्या हाताला भिगवण आणि उजनीच्या जलाशयाचे शेपूट. मग मान वर करून डावीकडे पाहायचे. पाणी दिसले तर ठीक. (हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते सिम्युलेटरमध्ये नाहीत.) इथून पुढे पाणी डावीकडे ठेवत गेले की दहाव्या मिनिटाला इंदापूर आणि त्यानंतर भीमानगरजवळची उजनीची भिंत. पुणे–सोलापूर महामार्गही सोबत असतो. इतक्या खुणा असताना पहिला टप्पा चुकणे कठीणच. तो सोपा आहे म्हणूनच आधी ठेवला.

भिंतीवर आल्यावर घड्याळ शून्यावर आणायचे आणि ९४ अंशांकडे वळायचे. खरी परीक्षा या दुसऱ्या टप्प्यात, कारण आता वारा मधे येतो. समजा उत्तरेकडून ३० नॉटचा वारा आहे आणि तो तुम्ही हिशेबात धरलेला नाही. विमान पूर्वेकडे नाक करून जात राहील, पण मिनिटाला अर्धा मैल दक्षिणेकडे सरकत राहील. कॉकपिटमध्ये याची काहीच जाणीव होत नाही. काटे जागेवर, नाक जागेवर. पावणेआठ मिनिटांनी तुळजापूर नाकासमोर असायचे ते सात किलोमीटर डावीकडे असेल.

हे आधीच पकडायला कुर्डुवाडी आहे. अडीच मिनिटांनी, १८ मैलांवर, किंचित डावीकडे हे रेल्वे जंक्शन यायला हवे. पुणे–सोलापूर मार्ग आणि मिरज–लातूर मार्ग इथे भेटतात. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी मिरजेहून याच मार्गाने गेली होती. रुळांचा असा फाटा वरून गावापेक्षा चांगला ओळखू येतो. ठरल्या रेघेवर असाल तर कुर्डुवाडी चारेक किलोमीटर डावीकडे राहते. त्याहून दूर दिसली तर तुम्ही उजवीकडे सरकला आहात.

किती दूर, हे डोळ्यांनी मोजता येते. क्षितिजापासून ४५ अंश खाली जे दिसते ते जमिनीपासूनच्या तुमच्या उंचीइतकेच आडवे दूर असते. समुद्रसपाटीपासून १२,००० फुटांवर उडताना या भागात जमीन सुमारे तीन किलोमीटर खाली असते, म्हणजे ४५ अंशांची खूण तीन किलोमीटरवर. खूण दुप्पट दूर असेल तर कोन जवळजवळ २७ अंशांवर येतो. थोड्या सरावाने नजर बसते.

आता साठास एकचा नियम. साठ मैलांत एक मैल बाजूला गेलो तर चूक एक अंशाची. वरच्या वाऱ्यात कुर्डुवाडीपाशी तुम्ही सव्वा मैल उजवीकडे असाल. अठरा मैलांत सव्वा मैल म्हणजे साठ मैलांत चार मैलांहून थोडे अधिक, म्हणजे चार अंश. चार अंश डावीकडे वळलात की सरकणे थांबेल, पण मूळ रेघेला समांतर जाल, तिच्यावर येणार नाही. उरलेल्या ३६ मैलांत तो सव्वा मैल भरून काढायला आणखी दोन अंश हवेत. एकूण सहा अंश डावीकडे. तुळजापूरला पोहोचल्यावर ते दोन काढून टाकायचे आणि चार ठेवायचे, कारण वारा अजून तसाच आहे. हे चार आणि दोन वेगळे न कळल्यामुळे खूप जण रेघेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खात जातात.

वेळ चुकली तर? दहा सेकंद उशीर असेल तर वेगाचा सहावा भाग, म्हणजे ७० नॉट, एक मिनिटभर वाढवायचा. दहा सेकंद भरून निघतात. लवकर आलात तर तेवढाच कमी करायचा. पावसाळ्यात खालच्या थरांत वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, तेव्हा या मार्गावर लवकर पोहोचण्याचीच शक्यता जास्त.

वैराग डाव्या हाताला टाकून पुढे गेलात की बार्शीकडचा सखल भाग संपतो आणि बालाघाटाची कड उठते. तिच्यावर तुळजापूर. डावीकडे वीसेक किलोमीटरवर धाराशिव. सोलापूरकडून येणारा रस्ता घाट चढून तुळजापुरात शिरतो, तेवढ्यावरून गाव नक्की करता येते. लढाऊ उड्डाणात लक्ष्याच्या अलीकडे अशी एक निःसंशय जागा लागतेच. तिथे घड्याळ शेवटचे शून्यावर आणायचे, तिथेच शस्त्रांची बटणे आणि उंची ठरवायची, आणि तिथून पुढे नकाशा बदलायचा. आतापर्यंत मोठ्या प्रदेशाचा नकाशा होता, आता २० मैलांचा बारकाव्याचा हवा.

दोन नकाशांची गरज बांगलादेश युद्धात, १४ डिसेंबर १९७१ला, ढाक्यावर दिसली. विंग कमांडर भूपेंद्र कुमार बिश्नोई २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मिग-२१ विमाने घेऊन गुवाहाटीहून निघाले. अंतर जवळजवळ आपल्या पुणे–माकणीइतकेच. निघता निघता चिठ्ठी आली की लक्ष्य सर्किट हाऊस नाही, गव्हर्नमेंट हाऊस आहे. ढाक्यापर्यंत दिशा आणि वेळ यांनी नेले. पण शहरातली नेमकी इमारत शोधायला हाताशी होता तो पर्यटकांसाठीचा शहराचा नकाशा. त्यांनी त्यावरून इमारत ओळखली आणि रॉकेटे अचूक पडली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्यानंतर लगेच राजीनामा दिला. गुवाहाटीपासून तोच पर्यटक नकाशा पाहत निघाले असते तर ढाकाही सापडले नसते.

तुळजापूरहून माकणीकडे जाताना नेम मुद्दाम चुकवायचा. थेट भिंतीकडे नाक धरले आणि भिंत दिसली नाही, तर ती डावीकडे राहिली की उजवीकडे हे कळायला मार्ग नाही. धरण ज्या तेरणा नदीवर आहे ती तेर गावाकडून आग्नेयेला वाहत येते, म्हणजे जलाशयाचे शेपूट भिंतीच्या वायव्येला. तेव्हा पाच अंश डावीकडे नेम धरा. वीस मैलांत तीन किलोमीटर वरच्या अंगाला पोहोचाल. पाणी लागले की उजवीकडे वळा आणि काठाने खाली या. भिंत समोर येईलच. नदी, रेल्वे, किनारा, अशी लांबट खूण असेल तिथे ही युक्ती दरवेळी चालते.

पुढे निघून गेलात हे कसे ओळखायचे? त्याची खूणही जमिनीवरच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर या पट्ट्यातल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जुन्या गावांच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांच्या जागी काटकोनात आखलेले रुंद रस्ते आले. सास्तूर, किल्लारीच्या बाजूला अशा चौकटी दिसू लागल्या आणि खाली जलाशय नाही, तर माकणी मागे राहिले. मागे वळा.

उपग्रहचित्र एका दिवसाचे असते, एवढे ध्यानात असू द्या. चित्र उन्हाळ्यातले असेल तर जलाशयाचा काठ आटलेला आणि शेपूट तुटलेले दिसेल. पाण्याच्या आकारावर विसंबू नका. धरणाची भिंत बदलत नाही.

आता यंत्रांविषयी. जडत्वीय दिक्चालन यंत्रणा किंवा जीपीएस असताना एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न येतोच. सिम्युलेटरमधल्या मिराज २०००ची जडत्वीय यंत्रणा उड्डाणापूर्वी काही मिनिटे विमान स्थिर ठेवून जुळवावी लागते, आणि उड्डाणात तिची चूक वाढत जाते. ती दुरुस्त करायला ओळखीच्या जागेवरून उडावे लागते, म्हणजे जमीन वाचता यायलाच हवी. दुसरी अडचण आकड्यांची. एफ-१६ अक्षांशाची मिनिटे दशांशात मागते. नकाशावर १८ अंश २ मिनिटे ३० सेकंद असेल आणि तुम्ही २.३० मिनिटे भरलीत, तर चूक ३७० मीटरची. सेकंद जितके जास्त, तितकी चूक मोठी. ती सातशे मीटरांपर्यंत जाते. यंत्र मात्र पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या शेतावर नेऊन सोडते.

इंधनाचे थोडक्यात : निघण्याआधी परतीपुरता आकडा कागदावर लिहा, आणि तो आला की लक्ष्य दिसत असले तरी फिरा. जमिनीलगत उडताना जेट उंचीवरच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट इंधन पिते. म्हणून लांबच्या मोहिमेत उंचावरून जातात, शेवटच्या टप्प्यात खाली उतरतात आणि पुन्हा उंचावरून परततात.

पहिल्या खेपेला हवामान शांत ठेवा आणि वारा शून्य. दुसऱ्या खेपेला उत्तरेचा ३० नॉट वारा लावा आणि कुर्डुवाडीला सहा अंशांची दुरुस्ती करून पाहा. वेळ दुपारी तीननंतरची ठेवा, कारण सकाळी या मार्गावर सूर्य सारा वेळ डोळ्यांत येतो.